चिनी मुले क्रियापद कसे शिकतात

मँडरिन चिनीत क्रियापदाला काळ, पुरुष, लिंग, वचन यांचे प्रत्यय लागत नाहीत. मराठी मूल 'गेलो, गेला, गेली, गेले, गेल्या' अशी रूपांची रांग सांभाळत बोलायला शिकते. बीजिंगमधल्या मुलाला 'जाणे' या अर्थाचा 'छ्यू' हा एकच शब्द जन्मभर पुरतो. जाणारा मी असो की ती, जाणे काल झालेले असो की उद्या व्हायचे असो, 'छ्यू' तसाच राहतो. त्यामुळे चिनी मुलांना क्रियापदाचे व्याकरण शिकावेच लागत नाही, असा समज दूरवर पसरला आहे. गेल्या चार दशकांतले बालभाषेचे संशोधन वाचले की हा समज टिकत नाही. चिनी क्रियापदाचे सारे अवघडपण त्याच्या जोडणीत आहे. त्या जोडणीचा साचा मुले फार लवकर उचलतात, आणि तिचा नेमका अर्थ मात्र वर्षानुवर्षे घडवत राहतात. या लेखातला आढावा मुख्यतः या अंतराचा आहे.

उच्चारांबद्दल आधी एक खुलासा. चिनी शब्द रोमन लिपीत लिहिताना 'बी' आणि 'डी' ही अक्षरे वापरतात, पण त्यांचे खरे ध्वनी आपल्या 'प' आणि 'त'च्या जवळचे आहेत. मराठीत अल्पप्राण आणि महाप्राण वेगळे लिहिता येतात, म्हणून इथे चिनी शब्द कानाला ऐकू येतात तसे लिहिले आहेत. सूर मात्र आपली लिपी दाखवू शकत नाही.

मुलाला शिकायचे असते ते साधारण असे. क्रियापदानंतर 'ल' आला की क्रिया पूर्ण झाली. आधी 'त्साय' आला की ती चालू आहे. मागे 'च' लागला की स्थिती टिकून आहे, 'क्वो' लागला की तसा अनुभव पूर्वी घेऊन झालेला आहे. यांतला 'ल' भूतकाळ दाखवत नाही. 'उद्या जेवण झाले की मग जा' या वाक्यातही तो येतो. शिवाय वाक्याच्या अगदी शेवटी येणारा दुसरा एक 'ल' आहे. त्याचे काम वेगळे, परिस्थिती बदलली हे सांगण्याचे, पण कानाला दोन्ही सारखेच. नकार करायचा झाला की 'मेइ' येतो आणि पूर्णतेचा 'ल' गळून पडतो. मग कर्म क्रियापदाच्या आधी आणणारी 'पा'ची रचना आहे आणि ज्याच्यावर क्रिया घडली त्याला पुढे आणणारी 'पेइ'ची रचना आहे. या सगळ्याच्या मध्यभागी आहेत परिणामदर्शक संयुक्त क्रियापदे.

'ता-फो' म्हणजे मारणे आणि फुटणे, मिळून फोडणे. 'छ-वान' म्हणजे खाणे आणि संपणे. 'छ-पाओ' म्हणजे खाणे आणि पोट भरणे. 'थिंग-तोंग' म्हणजे ऐकणे आणि समजणे. 'खान-च्येन' म्हणजे पाहणे आणि दिसणे. पहिला भाग कृती सांगतो, दुसरा तिचे फळ. दोन्हींच्या मध्ये 'त' घातला की 'जमते' आणि 'पु' घातला की 'जमत नाही': 'ता-खाय' म्हणजे उघडणे, 'ता-त-खाय' म्हणजे उघडता येते, 'ता-पु-खाय' म्हणजे उघडता येत नाही. डबीचे झाकण घेऊन आईकडे धावणाऱ्या दोन-अडीच वर्षांच्या मुलाला हे शेवटचे रूप रोजच्या गरजेचे असते.

आता यातली मेख पाहा. 'छ-पाओ'मध्ये पोट भरते ते खाणाऱ्याचे, 'छ-वान'मध्ये संपते ते अन्न. दोन्ही संयुगांची बांधणी एक, पण फळ एकदा कर्त्याच्या वाट्याला येते आणि एकदा कर्माच्या. 'छी-लेइ' म्हणजे घोड्यावर बसणे आणि दमणे. यात घोडा दमला की स्वार, हे वाक्य आणि प्रसंग पाहूनच ठरते. कोणते क्रियापद कोणत्या परिणामाशी जोडता येते याचे सरसकट लागू पडणारे सूत्र नाही. नुसता तर्क लावला तर मूल हजार जोड्या बनवील, आणि त्यांतल्या कित्येक कोणी बोलत नसेल.

या विषयाची सुरुवात सांगताना युएन रेन चाव यांचे नाव घ्यावे लागते. चिनी भाषाविज्ञानातला हा फार मोठा माणूस. 1951 मध्ये त्यांनी अठ्ठावीस महिन्यांच्या आपल्या नातीच्या बोलण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तिची भाषा ही मोठ्यांच्या चिनीची मोडकी नक्कल आहे असे त्यांनी मानले नाही. स्वतःची ध्वनिव्यवस्था आणि स्वतःचे व्याकरण असलेली एक स्वतंत्र बोली म्हणून त्यांनी ती मांडली. पुढे 1982 मध्ये मेरी एरबॉ यांनी तैवानमधल्या मुलांच्या बोलण्यावर बर्कली येथे प्रबंध लिहिला, आणि मँडरिनच्या बालभाषेचा पद्धतशीर अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला.

त्याच वर्षी डीड्रे गेंटनर यांनी एक प्रभावी सिद्धान्त मांडला होता: जगभरची मुले नामे आधी शिकतात, क्रियापदे नंतर. कारण वस्तू डोळ्यांसमोर सलग, वेगळी दिसते. क्रिया कुठे सुरू होते, कुठे संपते आणि तिच्यात कोणाकोणाला धरायचे हे प्रत्येक भाषा आपापल्या परीने ठरवते. युक्तिवाद बिनतोड वाटत होता. 1996 मध्ये ट्वायला टार्डिफ यांनी बीजिंगमधल्या सुमारे बावीस महिन्यांच्या दहा मुलांच्या बोलण्याच्या आधारे दाखवले की ही मुले नामांपेक्षा क्रियापदे जास्त वापरतात. पुढच्या वर्षी सहकाऱ्यांसोबत त्यांनी इंग्रजी, इटालियन आणि मँडरिन बोलणाऱ्या पालकांच्या बोलण्याची तुलना केली. मँडरिनमध्ये कर्ता आणि कर्म संदर्भाने कळत असतील तर सर्रास गाळतात. उरते क्रियापद, आणि तेही प्रत्ययाविना, प्रत्येक वेळी त्याच एका रूपात कानावर पडणारे.

यावर पुष्कळ वाद झाला. दोन गोष्टी मला निर्णायक वाटतात. पहिली टार्डिफ यांच्याच नंतरच्या कामातून आली: मूल चित्रांचे पुस्तक बघत असेल तर नामे वाढतात, खेळण्यांशी खेळत असेल तर क्रियापदे वाढतात, आणि हे इंग्रजीतही घडते. म्हणजे नुसती मोजदाद करून भाषेचा स्वभाव कळत नाही, मोजताना काय चालले होते हेही पाहावे लागते. दुसरी गोष्ट 2008 मधली. मुत्सुमी इमाई आणि सहकाऱ्यांनी जपानी, इंग्रजी आणि चिनी बोलणाऱ्या तीन आणि पाच वर्षांच्या मुलांना पूर्वी कधी न ऐकलेले शब्द शिकवून पाहिले. तिन्ही भाषांत नवे नाम शिकणे नव्या क्रियापदापेक्षा सोपे गेले. इंग्रजी मुलांना नवे क्रियापद कळायला वाक्यरचनेचा आधार पुरेसा झाला. चिनी मुलांना वाक्यरचना आणि प्रसंग, दोन्हींचा आधार लागला. जी मुले रोज क्रियापदांचा वर्षाव ऐकतात त्यांनाच एखादे नवे क्रियापद पकडायला जास्त मदत लागते, हे पहिल्यांदा वाचताना चकित व्हायला होते. पण थोडा विचार केला की पटते. चिनी शब्दावर 'मी क्रियापद आहे' असे सांगणारा प्रत्यय नसतो, आणि भोवतालची नामे गाळलेली असतात. अशा शब्दाला मोठे माणूस कुठे पाहत आहे, काय करत आहे, यावरूनच अर्थ चिकटवावा लागतो.

मग वाक्यरचनेचा काहीच उपयोग होत नाही का? होतो. जोॲन ली आणि लेटिशिया नेगल्स यांनी 2008 मध्ये मँडरिन शिकणाऱ्या लहान मुलांना खेळण्यातल्या प्राण्यांसह वाक्ये अभिनयाने दाखवायला सांगितली. काही वाक्यांत ओळखीच्या क्रियापदाला एक नाम मुद्दाम जास्त जोडले होते, 'वाघ अस्वलाला जातो' म्हणावे तसे. मुलांनी वाघाकडून अस्वलाला हलवले. नामे सतत गळतात त्या भाषेतही, नाम हजर असेल तेव्हा ते कशासाठी आले आहे हे दोन-तीन वर्षांची मुले हेरतात.

क्रियापद एकदा तोंडात आले म्हणजे कळलेच असे नाही, हे सर्वांत स्पष्ट दिसते 'धरून नेणे' या अर्थक्षेत्रात. मराठीत आपण कडेवर घेतो, पाठुंगळी घेतो, खांद्यावर टाकतो, हातात धरतो. मँडरिनमध्ये यांतल्या प्रत्येक प्रकाराला वेगळे एकशब्दी क्रियापद आहे: कवेत घेऊन 'पाओ', पाठीवर 'पेइ', हातात लोंबकळत 'थी', खांद्यावर 'खांग', दोन हातांनी सपाट धरून 'त्वान', नुसते हातात 'ना'. अशी क्रियापदे डोळ्यांसमोर चित्र उभे करतात, आणि चिनी मुलांची सुरुवातीची क्रियापदे लवकर येण्यामागे ही चित्रमयता असल्याचे 2009 मधल्या एका अभ्यासात दिसले. पण नोबुरो साजी, इमाई आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांची प्रौढांशी तुलना केली तेव्हा निराळे चित्र पुढे आले. तीन वर्षांची मुले मोजक्याच क्रियापदांवर सगळे भागवत होती. पुढे शब्द वाढत गेले तशा प्रत्येक शब्दाच्या सीमा सरकत गेल्या. सात वर्षांच्या मुलांचे सीमांकनही प्रौढांपर्यंत पूर्ण पोहोचले नव्हते. एक शब्द शिकणे म्हणजे त्याच्या सगळ्या शेजाऱ्यांशी हद्द आखून घेणे, आणि शेजारी येत राहतात तोवर ही आखणी संपत नाही.

परिणामदर्शक संयुगांकडे परत येऊ, कारण माझ्या मते या विषयाचे मर्म तिथेच आहे. जिदोंग चेन यांनी 2008 मध्ये या संयुगांच्या शिकण्यावर प्रबंध पूर्ण केला. त्याआधी 2007 मध्ये कापणे आणि फोडणे या क्रिया चिनी लोक कशा शब्दांत पकडतात यावर त्यांचा लेख आला होता. मुलांच्या बोलण्यात ही संयुगे दोन वर्षांच्या आसपास येऊ लागतात, आणि ती घोकलेली नसतात. याचा पुरावा मुलांच्या चुकांत आहे. मोठी माणसे जोडत नाहीत अशा जोड्या मुले करतात. कृती आणि मग फळ हा क्रम मात्र ती सहसा सोडत नाहीत. काय करून फुटले हे नीट सांगता आले नाही तर 'नोंग' हे सगळीकडे चालणारे 'करणे' पुढे ठेवून काम निभावते: 'नोंग-फो', 'नोंग-ह्वाय', काहीतरी केले आणि फुटले, काहीतरी केले आणि बिघडले. फळाचे शब्दही सोपे नाहीत. दोरी, काठी अशा लांब वस्तूचे दोन तुकडे झाले की 'त्वान', कापडाला किंवा फुग्याला भोक पडले की 'फो', बशीचा चुरा झाला की 'स्वेइ'.

साचा उचलला. पण त्या साच्याचा करार मुलांना कळतो का? इथे चिनी व्याकरणातला एक जुना वाद आठवावा लागतो. 1984 मध्ये जेम्स ताय यांनी म्हटले की चिनीत एकट्या क्रियापदाने फळाची हमी मिळत नाही. 'शा' म्हणजे ठार मारणे, पण अमक्याने तमक्याला दोनदा 'शा' केले आणि तो मेला नाही, हे वाक्य चिनीत चालते. मरण पक्के करायचे तर 'शा-स्स' म्हणावे लागते. ते वाक्य सगळ्यांनाच चालते असे नाही, त्यावर मतभेद आहेत. तरी ढोबळ नियम खरा आहे: एकटे क्रियापद कृती सांगते, संयुग फळ पक्के करते.

वरकरणी पाहता मुलासाठी यासारखी सोय दुसरी नाही. इंग्रजी मुलाला 'किल'च्या पोटात दडलेले मरण स्वतः शोधावे लागते. चिनीत ते वेगळा शब्द बनून उघड उभे असते. पण चेन यांच्या प्रयोगांतून दिसले ते असे की बांधणी उघडी असली म्हणजे अर्थ सोपा होतो, असे नाही. एकट्या क्रियापदाने फळ पक्के होत नाही आणि संयुगाने होते, हा भेद लहान मुलांना प्रौढांसारखा जमायला बराच काळ लागतो. मला यामागचे कारण रोजच्या व्यवहारात दिसते. आई 'सफरचंद तोडले' म्हणते तेव्हा बहुतेक वेळा सफरचंद हातात आलेले असते. कृती झाली पण फळ आले नाही, असे प्रसंग विरळ, आणि त्या प्रसंगी नेमके एकटे क्रियापदच वापरले गेले हे लक्षात येणे त्याहून विरळ. अर्थाची सीमा कळण्यासाठी मुलाने जे पाहायला हवे, तेच त्याला सर्वांत कमी पाहायला मिळते.

क्रिया पूर्ण की चालू हे सांगणाऱ्या, म्हणजे क्रियाव्याप्तीच्या, 'ल', 'त्साय' या चिन्हांबाबतही अशीच दोन टोके आहेत. 1981 मध्ये डेरेक बिकर्टन यांनी असे सुचवले होते की क्रिया आणि स्थिती, क्षणिक आणि चालू, हे भेद मुले जन्मतःच घेऊन येतात. पिंग ली यांनी लायडनमधल्या प्रबंधात आणि नंतर मेलिसा बोवरमन यांच्यासोबत 1998 मध्ये हे मँडरिन मुलांवर तपासले. मुलांना 'ल' शेवट असलेल्या क्रियांबरोबर सोपा गेला, 'त्साय' चालू राहणाऱ्या क्रियांबरोबर. बिकर्टन यांचे म्हणणे यातून सिद्ध होईल असे वाटते, पण ली आणि बोवरमन यांचा निष्कर्ष तो नव्हता. मोठ्या माणसांच्या बोलण्यातही याच जोड्या दाट असतात. मुले त्या ऐकून एक नमुना बनवतात आणि मग हळूहळू त्याच्या बाहेर पडतात. या वादात मी ली आणि बोवरमन यांच्या बाजूचा आहे. जन्मजात भेदांनी सगळे ठरले असते, तर भाषेगणिक दिसणारा फरक समजावता आला नसता.

पण ही चिन्हे मुले कच्ची शिकतात असेही म्हणता येणार नाही. पेंग झोऊ, स्टीफन क्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मुलांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. एका चित्रात फूल लावून झालेले, दुसऱ्यात लावणे चालू. वाक्यात क्रियापदामागे 'ल' किंवा 'च' ऐकू येताच तीन वर्षांच्या मुलांचीही नजर योग्य चित्राकडे वळली.

'पा' आणि 'पेइ' यांची कथा थोडक्यात सांगतो. 'पा' हे मुळात 'धरणे' या अर्थाचे क्रियापद होते. आज ते कर्माला पुढे आणते आणि मागे उघडे क्रियापद चालवून घेत नाही, त्याला बहुधा परिणामाची जोड लागते. म्हणजे 'पा' नीट बोलायला संयुगे आधी हवीत. शियांगजुन डेंग, झीयिन मै आणि व्हर्जिनिया यिप यांनी 2018 मध्ये या दोन्ही रचना क्रियेच्या पूर्णतेच्या अंगाने तपासल्या. मुलांच्या सुरुवातीच्या अशा वाक्यांतही परिणामाची बाजू भरलेली असते, असे त्यांनी दाखवले. 'पेइ' बोलण्यात विरळ, आणि समजायलाही जड. यी टिंग हुआंग, जेसी स्नेडेकर आणि सहकाऱ्यांच्या 2013 मधल्या प्रयोगात पाच वर्षांची मुले वाक्यातले पहिले नाम कर्ताच मानून बसत, आणि 'पेइ' ऐकल्यावर मागे फिरणे त्यांना अवघड जाई. पहिल्या जागी नामाऐवजी सर्वनाम ठेवले की तीच मुले बरी कामगिरी करत. म्हणजे 'पेइ'चा अर्थ त्यांना ठाऊक होता, आधी धरलेला अंदाज सोडता येत नव्हता. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या सेसोथो भाषेत कर्मणी रचना रोजच्या बोलण्यात भरपूर असते, आणि तिथली मुले ती इंग्रजी मुलांपेक्षा खूप आधी बोलतात, असे कॅथरीन डेमथ यांनी 1989 मध्येच मांडले होते. चिनीचे उदाहरण त्या निष्कर्षाशी जुळते.

या सगळ्याच्या पायाकडेही नीट पाहिले पाहिजे. टार्डिफ यांची मुले दहा. शेंझेनमधल्या मुलाच्या ध्वनिचित्रमुद्रणांचा थोंग संग्रह, ज्यावर बरेच काम उभे आहे, तो एका मुलाचा. 1984 मध्ये सुरू झालेल्या चाइल्ड्स या आंतरराष्ट्रीय भांडारामुळे असे संग्रह सर्वांना खुले झाले, आणि हे फार मोलाचे झाले. पण चीनमधली असंख्य मुले घरात वू, मीन, कँटोनीज किंवा आणखी एखादी बोली ऐकत वाढतात, आणि मँडरिन त्यांना शाळेत भेटते. त्यांचे क्रियापद कसे घडते, याला आजच्या सिद्धान्तांत पुरेशी जागा मिळालेली नाही.

मुलांचे क्रियापद कोणत्या क्रमाने घडते याचा उपचाराशी थेट संबंध आहे. इंग्रजीत भाषाविकासाची अडचण असलेले मूल ओळखताना काळाचे प्रत्यय गळतात का हे पाहिले जाते. मँडरिनमध्ये तशी खूणच नाही. कँटोनीजवर पॉल फ्लेचर, लॉरेन्स लेनर्ड, स्टेफनी स्टोक्स आणि अनिता वाँग यांनी 2005 मध्ये दाखवले की अशी मुले क्रियाव्याप्तीची चिन्हे बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी वापरतात. निरोगी वाढीचा क्रम नीट ठाऊक असला तरच बिघाड वेळेत दिसतो.

आणि आपली भाषा? मराठीत 'मी त्याला तीनदा उठवलं, पण तो उठलाच नाही' असे आपण सहज म्हणतो. 'खूप समजावलं, पण समजला नाही' असेही म्हणतो. कृती झाली, फळ हुकले, हा चिनीतला पेच आपल्याही घरात आहे. शिवाय 'खाऊन टाकला', 'फुटून गेली', 'देऊन टाकलं' अशी दोन क्रियापदांची जोडणी आपल्याकडे आहे. फरक असा की चिनीत दुसरा भाग स्वतःचा पूर्ण अर्थ राखतो, तर आपल्याकडच्या 'टाकणे' आणि 'जाणे' यांचा मूळ अर्थ या जागी विरतो. वर मराठी मुलाला लिंग-वचनाचे प्रत्यय आहेतच. एकाच मुलाला दोन्ही ओझी उचलावी लागतात, तेव्हा ते आधी काय उचलते? चिनी आणि इंग्रजी यांच्या तुलनेतून जे सुटत नाही ते मराठीतून सुटू शकते.

अशोक केळकर यांनी 1964 मध्ये मराठी माणसे बाळांशी कशी बोलतात यावर इंग्रजीत लेख लिहिला होता. त्याच्या पुढची पायरी म्हणजे मुले स्वतः काय बोलतात याची दीर्घ, सलग नोंद. दीड वर्षाच्या मुलापासून सुरुवात करून आठवड्याला एक तास, दोन वर्षे न चुकता ध्वनिमुद्रण, आणि त्याचे शब्दशः लेखन, एवढ्याने सुरुवात होते. पुण्यामुंबईच्या घरांइतकीच कोकणातली, विदर्भातली, खानदेशातली घरे त्यात हवीत. विद्यापीठांतल्या भाषाविज्ञान आणि मराठी विभागांनी हे काम हाती घ्यावे, आणि ज्यांच्या घरी आज या वयाचे मूल आहे त्या पालकांनी त्याला हात द्यावा.